श्रद्धा खरी होती, बाजू दोन नव्हत्या

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत मध्ययुगीन युरोपवरचं भाषण ऐकायला गेलो होतो. भाषण बेताचंच झालं, प्रश्नोत्तरं मात्र रंगली. एक निवृत्त गृहस्थ उठले, माईक मागून घेतला आणि म्हणाले, “क्रुसेड म्हणजे ख्रिश्चनांनी चारशे वर्षं मार खाऊन शेवटी दिलेलं उत्तर. सुरुवात कुणी केली ते आधी सांगा.” (क्रुसेड म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला युरोपातले ख्रिश्चन १०९६ पासून दोनेकशे वर्षं काढत राहिले त्या मोहिमा.) टाळ्या पडल्या. त्यावर मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, “धर्म हा नुसता बुरखा होता सर. खरं कारण जमीन आणि व्यापार.” त्यालाही टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणारे काही हात दोन्ही वेळचे तेच होते. अकराव्या शतकातल्या पॅलेस्टाइनबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं, हे सभागृहात सगळ्यांनाच कळत होतं.

घरी येताना वाटलं, हे दोघे भांडत असले तरी एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. धर्मश्रद्धेला दोघेही आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवू पाहतायत. एक म्हणतो, श्रद्धाळू माणसं स्वतःचा बचाव करत होती. दुसरा म्हणतो, श्रद्धा तिथे नव्हतीच, लोभ होता. मला दोन्ही पटत नाही. श्रद्धा होती, अस्सल होती, आणि जे भयंकर घडलं त्यातलं बरंच तिच्या अस्सलपणामुळे घडलं. पण त्या श्रद्धेने जगाचे सरळ दोन तट पाडले आणि ते दोनशे वर्षं एकमेकांशी झुंजले, हे जे चित्र दोघांच्याही डोक्यात होतं, ते टिकत नाही. आणखी एक गोष्ट. जेरुसलेमपासून माणूस जितका लांबचा, तितके त्याला हे दोन तट स्वच्छ दिसायचे. हे बहुतेक वेळा खरं आहे. अपवादही आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण क्रुसेडला सरसकट ‘धर्मयुद्ध’ म्हणतो आणि जिहादलाही तेच म्हणतो. पण आपल्या परंपरेत धर्मयुद्धाच्या विरुद्ध ‘कूटयुद्ध’ उभं असतं. धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं युद्ध: सूर्यास्ताला थांबायचं, निःशस्त्रावर वार करायचा नाही, रथीने रथीशीच लढायचं. कुरुक्षेत्रावर हे नियम ठरले आणि अभिमन्यूपासून दुर्योधनाच्या मांडीपर्यंत एकेक करून मोडले. ते मोडले याची बोच आजही जाते का? जात नाही, कारण त्या शब्दाचा अर्थच तो होता. शत्रूचा देव कोणता हा प्रश्न त्यात येतच नाही. कौरव-पांडवांचे देव तेच होते. क्रुसेडला धर्मयुद्ध म्हटलं की आपण नकळत त्याला न्यायाचं अस्तर शिवतो. १०९६ मध्ये निघालेले लोक स्वतः काय म्हणत? ते ‘यात्रा’ म्हणत. त्यांचा लॅटिन शब्द तीर्थयात्रेचाच होता. नवस बोलायचा, कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवायचा आणि वाटेला लागायचं. पोप दुसऱ्या अर्बनने २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी नवं काय केलं, तर यात्रेकरूच्या हाती तलवार दिली आणि त्या तलवारीचं पुण्यही आधीच मोजून दिलं. त्या धर्मसभेच्या ठरावाचा आशय असा की जो मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीपोटी जेरुसलेमला जाईल, त्याची यात्रा त्याच्या सगळ्या प्रायश्चित्तांच्या जागी धरली जाईल.

आता त्या निवृत्त गृहस्थांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो, कारण त्यांची बाजू कमजोर नाही. सातव्या शतकात सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त हे ख्रिस्ती मुलूख अरब फौजांनी जिंकले. ७११ मध्ये त्या स्पेनात उतरल्या. ८४६ मध्ये खुद्द रोमच्या तटाबाहेरचं सेंट पीटरचं चर्च लुटलं गेलं. १००९ मध्ये इजिप्तच्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याने जेरुसलेममधलं येशूच्या समाधीचं चर्च पाडायला लावलं. १०७१ मध्ये मान्झिकर्टला सेल्जुक तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती बायझंटाइन सम्राटालाच कैद केलं आणि पुढच्या काही वर्षांत आशिया मायनरचा बहुतेक भाग हातचा गेला. सम्राट अलेक्सिओसने १०९५ मध्ये पोपकडे मदत मागितली, हेही खरंच. क्रुसेड हा काहीच घडलेलं नसताना युरोपला सुचलेला आगाऊपणा होता, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ही यादी आधी वाचावी.

पण यादी म्हणजे कारण नव्हे. ८४६ चा सूड १०९६ मध्ये घ्यायचा असेल तर मधली अडीचशे वर्षं काय चाललं होतं? पाडलेलं चर्च १०४८ च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं होतं, आणि ते फातिमींच्या संमतीने, बायझंटाइन सम्राटाच्या पैशातून. सगळ्यात अडचणीची गोष्ट तर पुढेच आहे. ज्या तुर्कांविरुद्ध मदत मागितली होती, ते क्रुसेडर पोचले तेव्हा जेरुसलेममध्ये नव्हतेच. कैरोच्या फातिमींनी १०९८ मध्ये शहर तुर्कांकडून काढून घेतलं होतं. सुन्नी तुर्क हे शिया फातिमींचेही वैरी, त्यामुळे फातिमींचे वकील अँटिओकला क्रुसेडरांच्या छावणीत येऊन बोलणी करून गेले होते. बचाव करायचा होता, तर हा आयता मित्र नव्हता का? आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना सोडवायचं होतं, तर जेरुसलेम घेतल्यावर तिथल्या ग्रीक पाद्र्यांना समाधीच्या चर्चमधून बाजूला का सारलं? ११०१ च्या ईस्टरला त्या चर्चमधला ‘पवित्र अग्नी’ प्रकटच होईना, तेव्हा कुठे त्यांना परत बोलावलं, असं त्या काळचे इतिवृत्तकार सांगतात. (देवाने इतक्या व्यावहारिक वेळी संप पुकारावा, हे मला फार आवडतं.)

आणि बचावाचा हा युक्तिवाद ऱ्हाइन नदीच्या काठी तर पारच बुडतो. मे १०९६ मध्ये, म्हणजे एकही मुसलमान शत्रू दिसण्याआधी, यात्रेला निघालेल्या टोळ्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या जर्मन शहरांतल्या ज्यूंवर तुटून पडल्या. श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवलं. वर्म्सला आणि माइन्झला बिशपचा वाडाही कामी आला नाही. माइन्झमध्ये काउंट एमिखोची माणसं आत शिरली, तेव्हा बाप्तिस्मा टाळण्यासाठी आईबापांनी स्वतःच्या मुलांवर सुरी चालवली, असं तिथल्या हिब्रू बखरी सांगतात. हल्लेखोरांचा तर्क साधा होता: देवाच्या शत्रूंशी लढायला इतक्या लांब चाललोय आणि ज्यांनी ख्रिस्ताला मारलं ते इथे शेजारीच राहतात, ते कसं? या ज्यूंनी कुणाचा कोणता मुलूख जिंकला होता? हे उत्तर कुणाला होतं?

आता तो तरुण. त्याच्या बाजूनेही पुरावा आहे. जिनोवा, पिसा आणि व्हेनिस यांनी आरमारी मदतीच्या बदल्यात किनाऱ्यावरच्या बंदरांत आपापल्या पेठा आणि जकातीची माफी मिळवली. चौथ्या क्रुसेडच्या वेळी व्हेनिसशी ८५,००० मार्कांचा करार झाला. ठरलेल्या ३३,५०० माणसांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा जमला, पैसे अपुरे पडले. मग कर्ज फेडायला १२०२ मध्ये झारा हे कॅथलिक शहर लुटलं आणि एप्रिल १२०४ मध्ये खुद्द कॉन्स्टँटिनोपल, जगातलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती शहर. तिथून आणलेले चार घोड्यांचे पुतळे व्हेनिसने सेंट मार्कच्या चर्चवर मिरवले. कॉन्स्टँटिनोपलच्या जमावानेही ११८२ मध्ये शहरातल्या लॅटिन लोकांची कत्तल केली होती, तेव्हा या घरातल्या भांडणात धुतल्या तांदळासारखं कुणीच नव्हतं. इथे धर्म पाठीमागे आणि हिशेबाची वही पुढे, हे निमूट मान्य करतो.

पण १२०४ वरून १०९९ चा निवाडा करता येत नाही. पहिल्या क्रुसेडला जाणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. नॉर्मंडीच्या रॉबर्टने अख्खी डची, म्हणजे आपलं सरदारी राज्य, आपल्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्कांना गहाण टाकली. बुयाँच्या गॉडफ्रीने आपला किल्ला लिएजच्या बिशपकडे गहाण ठेवला. जमीन मिळवायला निघालेला माणूस हातची जमीन सोडून जातो का? जेरुसलेम हाती आल्यावर बहुतेक सरदार नवस फेडून घरी परतले; गॉडफ्रीजवळ तीनेकशे घोडेस्वार सरदार उरले. आणि ८ जुलै १०९९ चा तो प्रसंग घ्या. तहानेने हैराण झालेलं, उपास केलेलं ते सैन्य रणरणत्या उन्हात अनवाणी पायांनी जेरुसलेमच्या तटाभोवती मिरवणुकीने फिरलं, पुढे पाद्री, हातात संतांचे अवशेष. तटावरून फातिमी शिपाई त्यांची टर उडवत होते. एका आठवड्याने, १५ जुलैला, तट फुटला. पुढे झालेल्या कत्तलीचं वर्णन सैन्यासोबतच्याच एका पाद्र्याने लिहून ठेवलंय: रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत चढलं होतं. ही मोजणी नव्हे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, देवाच्या क्रोधाच्या वर्णनातून उचललेली ती प्रतिमा आहे. लाज वाटणारा माणूस खून लपवतो. याने तो धर्मग्रंथाच्या भाषेत सजवला. त्यानंतर ही माणसं येशूच्या समाधीपाशी गेली आणि आनंदाने रडली. मला तरी या रडण्यात ढोंग दिसत नाही, आणि दिसत नाही हीच भीतीची गोष्ट आहे. लोभी माणसाला पैसे देऊन थांबवता येतं.

मग श्रद्धा इतकी खरी, तर दोन तट खोटे कसे? त्यासाठी जेरुसलेम पडल्यानंतर नऊच वर्षांनी, ११०८ मध्ये, उत्तर सीरियात तल बाशिरजवळ झालेली लढाई पाहावी. एका बाजूला अँटिओकचा ख्रिस्ती राजप्रतिनिधी टँक्रेड आणि त्याच्या मदतीला अलेप्पोचा मुसलमान अमीर रिदवान. समोर एडेसाचा ख्रिस्ती काउंट बाल्डविन आणि त्याच्या मदतीला मोसूलहून आलेला तुर्क सरदार जावली. टँक्रेड आणि बाल्डविन दोघेही पहिल्या क्रुसेडचे वीर, नवस फेडलेले. भांडण एडेसाच्या गादीवरून होतं. ही ‘संस्कृतींची लढाई’ नकाशावर कोणत्या रंगात काढायची? दमास्कस आणि जेरुसलेम यांनी ११४० मध्ये मोसूलच्या झंगीविरुद्ध हातमिळवणी केली होती; आठ वर्षांनी दुसऱ्या क्रुसेडचे राजे युरोपातून ताजे ताजे आले आणि, जेरुसलेमच्या सरदारांनाही सोबत घेऊन, हल्ला केला तो याच दमास्कसवर. पाच दिवसांत हात हलवत परतले. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याचं घ्या. ११७४ ते ११८६ या बारा वर्षांत त्याची बहुतेक शक्ती दमास्कस, अलेप्पो, मोसूल अशा मुसलमान शहरांना वाकवण्यात गेली. जिहादची हाक तरी मुसलमानांत लगेच घुमली का? ११०५ मध्ये दमास्कसच्या अल-सुलमी नावाच्या पंडिताने मशिदीत बसून जिहादवरचा आपला ग्रंथ वाचून दाखवला. राज्यकर्त्यांनी दोन पिढ्या त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

लांबचा माणूस आणि जवळचा माणूस यांतला फरक सगळ्यात नेमका टिपलाय उसामा इब्न मुन्किधने. हा सीरियातल्या शैजरचा अरब सरदार, जन्म १०९५ चा, म्हणजे क्लेरमाँच्याच वर्षीचा. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. जेरुसलेमला गेला की तो अल-अक्सात जाई. ती मशीद तेव्हा टेंपलर या लढाऊ ख्रिस्ती संघाच्या ताब्यात होती, पण त्यांची उसामाशी मैत्री होती आणि बाजूची एक छोटी मशीद ते त्याच्या नमाजासाठी मोकळी करून देत. एक दिवस तो नमाजाला उभा असताना एका फ्रँकने, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्त्याने, धावत येऊन त्याला धरलं, त्याचं तोंड पूर्वेकडे वळवलं आणि म्हणाला, “अशी प्रार्थना कर!” टेंपलरांनी त्याला बाहेर काढलं. उसामा पुन्हा उभा राहिला. त्यांची नजर चुकवून तो माणूस परत आला आणि पुन्हा तेच. टेंपलरांनी त्याला हाकललं आणि माफी मागितली: हा परका आहे, नुकताच आपल्या देशाहून आलाय, पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करणारा माणूस याने कधी पाहिलेला नाही. नवे आलेले फ्रँक हे इथे रुळलेल्यांपेक्षा नेहमी जास्त आडदांड असतात, हा निष्कर्ष उसामाचा, माझा नाही. आणि त्याची माफी मागणारे कोण होते? पोपच्या नावाने तलवार वाहिलेले ब्रह्मचारी.

११८४ मध्ये स्पेनचा मुसलमान यात्रेकरू इब्न जुबैर दमास्कसहून अक्का या ख्रिस्त्यांच्या बंदराला गेला, तेव्हा सलाहुद्दीनने करकच्या ख्रिस्ती किल्ल्याला वेढा घातलेला होता आणि तरीही व्यापाऱ्यांचे तांडे दोन्हीकडून बिनधास्त ये-जा करत होते. तिब्निनच्या आसपासचे मुसलमान शेतकरी फ्रँक मालकांना निम्मं पीक आणि डोईपट्टी देत. इब्न जुबैरचा जीव तुटतो तो वेगळ्याच कारणाने: हे शेतकरी म्हणतात की शेजारच्या मुसलमान जमीनदारापेक्षा आमचा फ्रँक बरा! अक्क्याच्या जकातनाक्यावर ख्रिस्ती कारकून अरबीत लिहीत बसलेले, समोर सोन्याने मढवलेल्या शिसवी दौती. इतकं सामान्य होतं सगळं.

पण याचं गोडगोड चित्र रंगवायलाही माझी तयारी नाही. याच इब्न जुबैरने बेड्या घातलेले मुसलमान कैदी पाहिले, त्यात बायकाही होत्या. आणि ‘रुळला की माणूस निवळतो’ या माझ्या म्हणण्याला रेनॉ द शातियों हे जिवंत प्रत्युत्तर आहे. हा फ्रेंच सरदार पूर्वेत चाळीसेक वर्षं राहिला, त्यातली सोळा अलेप्पोच्या तुरुंगात, आणि दर वर्षागणिक जास्तच विखारी होत गेला. ऐन तहात त्याने तांडा लुटला, आणि ४ जुलै ११८७ च्या हत्तीनच्या लढाईनंतर सलाहुद्दीनने त्याची मान स्वतःच्या हाताने उडवली. याच उदार सलाहुद्दीनने, ज्याने पुढे ऑक्टोबरात जेरुसलेमच्या रहिवाशांना पुरुषामागे दहा दिनार खंडणीवर जाऊ दिलं, हत्तीनला धरलेल्या टेंपलर आणि हॉस्पिटलर या दोन्ही लढाऊ संघांच्या कैद्यांची सरसकट मुंडकी उडवली. इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ११९१ मध्ये अक्क्याबाहेर २,७०० च्या आसपास कैदी कापले. शेजार सगळ्यांनाच माणसाळवतो असं नाही. काहींना तो शेजाऱ्याची दुखरी जागा दाखवून देतो.

तरीही तडजोड झाली की सगळ्यात जास्त कोण संतापायचं, हे पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी १२२९ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून एक थेंब रक्त न सांडता साधारण दहा वर्षांसाठी जेरुसलेम मिळवलं. ‘खडकावरचा घुमट’ हे पवित्र स्थळ आणि अल-अक्सा मशीद मुसलमानांकडेच राहिली. मोठमोठ्या फौजांना ११८७ पासून जे जमलं नव्हतं ते एका अरबी जाणणाऱ्या, पोपने धर्माबाहेर काढलेल्या सम्राटाने पत्रव्यवहारात जमवलं. कौतुक झालं का? जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने त्या शहरातल्या उपासनाच बंद पाडल्या. दमास्कसच्या मोठ्या मशिदीत सुलतानाच्या विश्वासघातावर प्रवचनं झाली, लोक रडले. १ मे रोजी फ्रेडरिक अक्क्याच्या बंदराकडे निघाला तेव्हा खाटकांच्या आळीत त्याच्यावर आतडी आणि मांसाचे तुकडे फेकले गेले. इब्न वासिल हा अरब इतिहासकार एक बारीक गोष्ट सांगतो. फ्रेडरिक जेरुसलेमला मुक्कामाला असताना काझीने पाहुण्याच्या मानासाठी त्या रात्री अजान बंद ठेवायला सांगितली. सकाळी सम्राटाने विचारलं, रात्री बांग का ऐकू आली नाही? मी इथे रात्र काढली ती तुमची बांग ऐकण्यासाठी.

मग ते दोन स्वच्छ तट आले कुठून? त्या काळचे अरब लेखक या माणसांना ‘ख्रिस्ती फौज’ पेक्षा जास्त करून ‘फ्रंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक, एका मुलखाचे लोक. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे येऊन ‘फिरंगी’ झाला. ‘क्रुसाची युद्धं’ हा अरबी शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातला, युरोपीय भाषांवरून घेतलेला. १८९८ मध्ये जर्मन कैसरने दमास्कसला जाऊन सलाहुद्दीनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिलं. शंभरेक वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, बिन लादेनने ‘ज्यू आणि क्रुसेडर’ यांच्याविरुद्ध जाहीरनामा काढला. सप्टेंबर २००१ मध्ये बुश यांच्या तोंडूनही ‘क्रुसेड’ निसटलं. तिघेही जेरुसलेमचे रहिवासी नव्हते.

आणि आपल्या किनाऱ्यालाही या लांबच्या माणसाची ओळख आहे. टेंपलर संघ मोडल्यावर पोर्तुगालने १३१९ मध्ये त्याच्या मालमत्तेवर ‘ख्रिस्ताचा संघ’ उभारला. त्याचाच क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज गलबतं आली. २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली आणि तसं राजाला अभिमानाने कळवलं. त्याच्या डोक्यात गोवा हा मधला थांबा होता. मदिनेतून पैगंबरांचे अवशेष पळवायचे आणि त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागायचं, हा बेत तो तांबड्या समुद्रापर्यंत घेऊन गेला. पण गोव्यावर त्याला आणलं कुणी? तिमोजा या हिंदू दर्यावर्दीने, आदिलशहाविरुद्ध. आणि १५४० च्या सुमारास याच सत्तेने तिसवाडीतली देवळं पाडली. इथे दोन तट कोणते, हे तिमोजाला विचारायला हवं होतं.

शेवटचा प्रसंग अक्क्याचा. ऑगस्ट १२९० मध्ये उत्तर इटलीतून नवे क्रुसेडर तिथे उतरले. इजिप्तचा सुलतान कलावून याच्याशी तह चालू होता, आसपासचे शेतकरी माल घेऊन बाजारात आले होते, लढायला कुणीच नव्हतं. एक दिवस हे नवे लोक रस्त्यावर उतरले आणि दिसेल त्या मुसलमानाला मारत सुटले. मुसलमान ओळखायचा कसा, तर दाढीवरून. त्या दिवशी दाढीमुळे मारल्या गेलेल्यांत सीरियाचे ख्रिस्तीही होते. कलावूनने गुन्हेगार मागितले, शहराने दिले नाहीत. नोव्हेंबरात तो वारला. १८ मे १२९१ ला त्याच्या मुलाने अक्का घेतलं.